दुसरी रांग

बन्सोड बाई नोकरीसाठी भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना स्क्रीनवरचं पान दाखवत होतो. इतके थांबलेत, इतके गेले, इतके अडकले. आकडे डोळ्यांसमोर बदलत होते आणि मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि विचारलं, "पन ह्यात मानसं कोनती हायत, ते दिसते का?"

मी म्हटलं, माणसं नाही दिसत, जॉब दिसतात, म्हणजे पाठवायचे संदेश.

"जॉबवर नंबर असंल ना? नंबर कोनाचा तरी असंलच ना?"

मी हसलो. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि भंडाऱ्यात आपल्याइतकं कॉम्प्युटर कोणाला कळत नाही असं मला वाटत असे.

पितळी भांड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. लोकांच्या मोबाइलवर संदेश पाठवायचं आमचं काम. शाळा, दवाखाने, कापडाची दुकानं, उद्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून आज सणाच्या शुभेच्छा वाटणारे पुढारी, असे आमचे ग्राहक. ग्राहक आमच्या वेबसाइटवर मजकूर टाकायचा, बटण दाबायचा आणि मोकळा व्हायचा. पुढचं सगळं त्याच्या नजरेआड चालायचं. त्याचे संदेश एका रांगेत उभे राहायचे आणि रांगेच्या तोंडाशी असलेला माझा प्रोग्राम एकेक उचलून पुढे पाठवायचा. ती रांग त्या पानावर दिसायची. कुठे काही अडकलं तर ते लाल व्हायचं. त्या पानाकडे दिवसभर बघायला आणि लाल झालेलं पुन्हा पाठवायला माणूस हवा होता. मालक तिडके साहेबांनी जाहिरात दिली ती पोरासोरांसाठी, आणि आल्या अठ्ठावन्न वर्षांच्या वत्सला बन्सोड, टेलिफोन एक्स्चेंजमधून मुदतीआधी निवृत्त झालेल्या.

त्यांनी जन्म ट्रंक कॉल जोडण्यात घालवला होता. डावा कान हेडफोनने अधू झालेला, त्यामुळे माणूस बोलायला लागला की त्या मान फिरवून उजवा कान पुढे करायच्या. अनोळखी माणसाला वाटायचं, बाई तोंड फिरवून राहिल्या. चाकाच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. "ही खुर्ची मानसाले बसू देत नाही, सरकवते," म्हणायच्या. घरून लाकडी स्टूल आणलं होतं. चहा बिनदुधाचा. सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चण्याची पुडी आणि एक जाड वही. नवरा कधीच वारलेला, मुलगी लग्न होऊन चंद्रपूरकडे गेलेली. घरी एकट्याच असायच्या, पण त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात आमचं एका शब्दावरून वाजलं. तीनदा प्रयत्न करूनही जो संदेश जात नाही, तो बाजूच्या एका यादीत जाऊन पडायचा. त्या यादीला मी नाव दिलं होतं 'डेड'. सगळीकडे तसंच म्हणतात. बाईंनी ते वाचलं आणि स्टुलावरून उठल्या.

"कोन मेलं?"

"कोणी नाही, बाई. संदेश. तीनदा गेला नाही म्हणून डेड."

"तीनदा फोन नाही लागला म्हंजे मानूस मरते का रे? घंटी वाजवून पाह्यली का तू? घरी कोन आहे, कोन नाही, विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी मी 'डेड' काढून 'राहिलेले' असं लिहिलं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीने त्यांचा चेहरा इतका उजळला की मला लाज वाटली.

त्या राहिलेल्यांची त्या खरोखर वही ठेवायच्या. संध्याकाळी निघण्याआधी पंधरा-वीस नंबर उतरवून घ्यायच्या आणि ऑफिसच्या फोनवरून एकेकाला लावायच्या. नंबर चुकीचा असला तर बरोबर कोणता, ते शोधायच्या. एकदा एका म्हाताऱ्याचा तपासणीचा अहवाल तयार असल्याचा संदेश राहिलेल्यांत पडला होता. बाईंनी चार ठिकाणी फोन करून त्याच्या गावच्या किराणा दुकानापर्यंत मजल मारली. दुकानदार म्हणाला, म्हातारा इथंच बसला आहे, पण त्याच्याकडे मोबाइलच नाही, दवाखान्यात त्याने आपल्या भाच्याचा जुना नंबर सांगितला. "मग तुमीच सांगा न त्याले, रिपोट तयार आहे म्हना," बाई ओरडल्या. पलीकडून दुकानदार म्हाताऱ्याला ओरडून सांगत असल्याचं आम्हाला इकडे ऐकू आलं. तिडके साहेबांनी महिन्याच्या शेवटी फोनचं बिल पाहून कपाळाला हात लावला, पण बाईंना बोलायची त्यांची छाती झाली नाही.

एक्स्चेंजच्या गोष्टी त्या क्वचित सांगायच्या. एक मात्र मला पुरती पाठ झाली होती, कारण ती त्यांनी मला, 'निनावे' अशी आडनावाने हाक मारून, अनेकदा सांगितली.

"आमच्याकडं तीन तऱ्हेचे कॉल होते, निनावे. साधा, अर्जंट आन् लाइटनिंग. साधा सकाळी बुक केला तर संध्याकाळी लागे. एखादी बाई रडत येई, मयताचा कॉल आहे म्हने, आन् साधाच बुक करे, कारन तेवढेच पैसे आनले असत तिनं. आमी तो अर्जंटात घालून देत होतो. सुपरवायझरले मालूम होतं, तो तिकडं पाहेच ना. कारन रांग मानसासाठी असते. मानूस रांगेसाठी नसते."

ही गोष्ट त्या सांगायच्या त्याला कारण होतं. माझ्या प्रोग्रामात रांग एकच होती. साडीच्या दुकानाचा सेल, शाळेची सूचना, दवाखान्याचा अहवाल, सगळे एकामागे एक. जो आधी आला तो आधी. मला त्यात न्याय वाटायचा.

बाईंना रुजू होऊन चार महिने झाले असतील. एका शाळेने पेपरची वेळ बदलल्याचा संदेश टाकला, आणि त्याच्या अर्धा तास आधी एका कापडवाल्याने साऱ्या जिल्ह्याला सेलचं आमंत्रण धाडलं होतं. शाळेचा संदेश पालकांना मिळाला तेव्हा पेपर सुटला होता. त्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दुसरी रांग कर, निनावे. लहानशी. ज्याले घाई आहे त्याच्यासाठी."

"करतो, बाई."

"कवा?"

"साहेबांना विचारून करतो."

साहेब म्हणाले, नवा ग्राहक आला आहे, आधी त्याचं काम. मग दुसरा नवा ग्राहक आला. बाई दर सोमवारी विचारायच्या, "झाली का दुसरी रांग?" आणि मी दर सोमवारी म्हणायचो, "या आठवड्यात नक्की." शेवटी शेवटी तर त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी मान हलवायचो.

त्याच सुमारास रक्तदात्यांचं एक मंडळ आमच्याकडे आलं. काही तरुण, काही निवृत्त शिक्षक. कोणाला रक्त हवं असलं की त्यांचा माणूस दवाखान्यातूनच आमच्या पानावर रक्तगट टाकणार, आणि आमचा प्रोग्राम त्या गटाच्या जवळपासच्या दात्यांना संदेश धाडणार. साहेबांनी ते फुकट करून दिलं, वर्तमानपत्रात फोटोही आला. दाते आमच्याच वेबसाइटवर नाव नोंदवायचे, आणि त्यांचे नंबर कोणाला, अगदी मंडळालाही, दिसू नयेत म्हणून मी ते फुल्यांनी झाकून टाकले होते. पानावर फक्त नाव आणि गाव दिसायचं. याबद्दलही मला माझी हुशारी वाटली होती.

दिवाळीच्या पाडव्याला ऑफिस उघडावं लागणार होतं, कारण एका पुढाऱ्याच्या शुभेच्छा त्याच दिवशी जायच्या होत्या. बाई म्हणाल्या, "तुमचा सन आहे, तुमी घरी राहा. मी बसते." मी बरं म्हटलं. सकाळी नऊ वाजता घरूनच शुभेच्छा रांगेत सोडल्या, हजारोंनी, आणि आंघोळीला गेलो. त्या दिवशी मावसभावाचा साखरपुडा होता. मोबाइल आवाज बंद करून खिशात टाकला.

पुढचं मला बाईंनी तुटक तुटक सांगितलं, काही ऑटोवाल्याने सांगितलं.

दहाच्या सुमारास मंडळाच्या माणसाने दवाखान्यातून टाकलं: ओ निगेटिव्ह, बाळंतीण, तातडीने. दिघोरीकडची पोरगी होती, प्रतिभा नावाची. पहिलं बाळंतपण. बाळ चांगलं होतं, आईचं रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याला एकच पिशवी मिळाली होती आणि ती चढवून झाली होती. दुसऱ्या पिशवीसाठी नागपूरला माणूस धाडला होता. बाईंना पानावर ती ओळ दिसली, सगळ्या शुभेच्छांच्या मागे, अगदी शेवटी. पुढे घ्यायची सोयच मी ठेवली नव्हती. त्यांनी 'थांबवा' दाबलं, तर सगळीच रांग थांबली, रक्ताची ओळही. घाबरून त्यांनी ती पुन्हा चालू केली. दात्यांची नावं त्यांना दिसत होती. अड्याळचे एक हटवार म्हणून होते, भंडाऱ्याहून पाऊण तासावर. नंबरच्या जागी माझ्या फुल्या.

मला त्यांनी अकरा वेळा फोन केला. साहेब गावाला गेलेले, त्यांनाही लावला. ते म्हणाले, "निनावेला विचारा, तोवर काही बंद करू नका, अर्धेच गेले तर तो पुढारी ओरडेल." मग बाईंनी ऑफिसला कुलूप लावलं आणि ऑटो शोधत निघाल्या. पाडव्याला ऑटो मिळतो कुठे? चालत आमच्या मोहल्ल्यात आल्या, तर घराला कुलूप. शेजाऱ्याने सांगितलेल्या सभागृहात गेल्या, ते भलतंच निघालं. तिथून एका ऑटोवाल्याला हात जोडून बसल्या.

आम्ही पंगतीला बसलो होतो. माझ्या पानावर जिलबी वाढलेली. समोर पाहतो तर बाई दारात उभ्या. पदर खांद्यावरून घसरलेला, एका पायात चप्पल, दुसऱ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती हातात. त्या सरळ पंगतीतून चालत आल्या, माझं मनगट धरलं आणि ओढलं. लोक पाहत होते. माझा हात उष्टा होता.

ऑटोत त्या एवढंच म्हणाल्या, "नंबर काढ."

ऑफिसात पोहोचून पावणेदोनला मी उरलेल्या शुभेच्छा रांगेतून पुसल्या. रक्ताचा संदेश लगेच गेला. नंबर काढले. जवळपासचे चार दाते होते. एक कामाला पुण्याला गेलेला, एकाने नुकतंच रक्त दिलेलं, एकाचा नंबर बंद. चौथे अड्याळचे हटवार. त्यांची घंटी वाजत होती, पण कोणी उचलत नव्हतं. बाई लावत राहिल्या. मी म्हटलं, चला, दवाखान्यात जाऊन पाहू. तिथेही त्या फाटकाशी उभ्या राहून लावत राहिल्या.

सव्वातीनला आतून रडण्याचा आवाज आला. मंडळाचा माणूस बाहेर आला आणि पायरीवर बसला. नागपूरहून निघालेली पिशवी अजून रस्त्यातच होती.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत एक मोटरसायकल फाटकातून आत आली. डोक्यावर दुपट्टा बांधलेला, पायाला चिखल, पन्नाशीचा माणूस. गाडी स्टँडवर लावण्याआधीच त्याने उजव्या हाताची बाही दंडापर्यंत वर चढवली होती.

"कोनाले द्याचं आहे रक्त? मी अड्याळचा हटवार."

बाई पुढे झाल्या. "उशीर झाला, भाऊ."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने बाही खाली केली नाही, तसाच उभा राहिला.

"सकाळी साडेदहालोक मी घरीच होतो ना, बाई," तो म्हणाला. "मोबाइल हातातच होता माझ्या. मंग धान कापाले गेलो. बांधीत पडते म्हनून फोन घरी ठेवतो. जेवाले आलो तवा पाह्यलं."

हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. जणू चूक त्याची होती. बाई त्याच्याकडे पाहत होत्या आणि मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी दुसरी रांग करायला बसलो. बाई स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. रांग झाली, चालवून पाहिली. मागे हजार संदेश उभे असताना घाईचा संदेश क्षणात निघून गेला.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. "तीन तास."

"तीन तास," त्या म्हणाल्या, आणि स्टूल उचलून आपल्या जागेवर घेऊन गेल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दिल्या नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं उरलं.

साहेबांनी दार लावून आम्हाला समोर बसवलं. "आपल्यामुळे झालं असं कुठं लिहिलं आहे का? नाही ना? मग बाहेर बोलायचं नाही." मी मान हलवली. बाई म्हणाल्या, "मी दिघोरीले जानार आहे." साहेब म्हणाले, "कशाला?" बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

मी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. म्हटलं, त्यांच्या दुःखात आपण भर कशाला घालायची? बाई म्हणाल्या, "तुले येऊ वाटत नसंल तर नको येऊ." रविवारच्या एसटीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसलो. बाहेर कापलेल्या धानाचे भारे पडले होते.

प्रतिभाच्या नवऱ्याचं नाव देवराम. ओसरीत त्याची आई बाळाला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजत होती. आम्ही मंडळाकडचे असं त्यांना वाटलं, त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाईंनी पाणी घेतलं नाही. तांब्या बाजूला ठेवला आणि सांगितलं. सगळं, सरळ. संदेश दहा वाजता आला होता, आमच्या इथे अडकला, आधी दुसरे संदेश होते म्हणून. अड्याळचा दाता साडेदहापर्यंत घरीच होता. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "आमच्या हातून झालं," म्हणाल्या.

देवराम म्हणाला, "दुसरे संदेश कायचे होते?"

बाई पहिल्यांदाच अडखळल्या. "दिवाळीच्या शुभेच्छा."

त्याने खिशातून मोबाइल काढला, बटणं दाबली आणि बाईंच्या पुढे धरला. "हे का?"

मी वाकून पाहिलं. आमच्याच पुढाऱ्याचा मजकूर. सोनेरी पहाट, सुखसमृद्धी.

"मी तिकडं दरवाज्यापाशी उभा होतो," देवराम म्हणाला. "डॉक्टर म्हनले रक्त पाहा. तेवढ्यात हा वाजला. मले वाटलं रक्त भेटलं. आत धावत गेलो न मी, सिस्टरले म्हटलं भेटलं, भेटलं. तिनं वाचून पाह्यला." त्याने मोबाइल परत खिशात ठेवला. "प्रतिभानं आयकलं होतं, मी भेटलं म्हटलं ते. ती हासली."

त्याच्या आईने पदर तोंडात कोंबला. बाळ दुधासाठी तोंड उघडत होतं.

"तुमी सांगाले काहून आले?" देवरामने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तुमाले मालूम असलं पाह्यजे म्हनून," बाई म्हणाल्या.

तो उठून आत गेला. आम्ही वाट पाहिली. तो बाहेर आला नाही. थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली, "जा आता तुमी. गाडी चुकंल तुमची." स्टँडवर बाई बाकावर बसल्या आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. गाडी येईपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

पुढच्या महिन्यात बाईंनी नोकरी सोडली. कारण लिहिलं नाही. साहेबांना बरंच वाटलं असावं. निघताना मला म्हणाल्या, "राहिलेल्यांची वही ड्रॉवरात आहे." मी काही दिवस त्या वहीतले नंबर लावले. मग नवे ग्राहक आले आणि ते राहून गेलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, दोन वर्षांनी. वडिलांचे डोळे तपासायला एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. वरच्या मजल्यावर रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बाई बसलेल्या. वाळून गेल्या होत्या, केस पांढरे झालेले. शेजारी एक म्हातारा, हातात डॉक्टरची चिठ्ठी धरून. त्या कोणाला तरी फोनवर विनवत होत्या. माझ्याकडे लक्ष गेलं, पण ओळखीचं हसू आलं नाही. फोन छातीशी धरून त्यांनी विचारलं, "निनावे, तुझा गट कोनता रे?"

इतकी वर्षं मी त्या दात्यांची यादी सांभाळत होतो. शेकडो लोकांचे गट मला तोंडपाठ होते.

"मालूम नाही, बाई."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग धरायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. "मंग आत जा, तपासून ये. ए निगेटिव्ह पाह्यजे. लवकर."

मी आत गेलो, बोट पुढे केलं. बी पॉझिटिव्ह. बाहेर येऊन मान हलवली. म्हाताऱ्याने विचारलं, "जमलं का जी?"

"हे नाही जमलं, काका. चला खाली," बाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या. म्हातारा चिठ्ठी सांभाळत मागे. मी खिडकीशी गेलो. भर दुपारचं ऊन होतं. फाटकाबाहेर ऑटोंची ओळ लागली होती. बाई पहिल्या ऑटोपाशी वाकल्या, मला विचारलं तेच विचारलं असावं. ड्रायव्हरने मान हलवली. दुसऱ्यानेही हलवली. त्या तिसऱ्याकडे गेल्या, मान फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला. तो काय म्हणाला ते वर ऐकू आलं नाही, पण तो ऑटोतून खाली उतरला.